उतारावर मोजलेलं तेल

बॉनेट उघडून बघितल्याशिवाय सॅन्टन लोपीसची गाडी रविवारी कधी सुरू झाली नाही. आगाशीहून नंदाखालकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याचं घर आहे. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला पायी निघालेली माणसं वर्षानुवर्षं एकच दृश्य बघत आली: पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून सॅन्टन इंजिनावर वाकलेला, उजव्या हातात तेलाची पट्टी, डाव्या हातात जुन्या बनियनचं फडकं. पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा आत सारायची, पुन्हा ओढायची आणि उजेडाकडे धरून बघायची. जाणारा येणारा विचारी, "काय सॅन्टन, ताप आहे का गाडीला?" तो मान वर न करता म्हणे, "येऊ नये म्हणूनच बघतो." हा विनोद इतका जुना झाला की पुढे पुढे लोक नुसते हसत आणि तो नुसती मान हलवी.

ही सवय त्याला मुंबईत लागली. विशीत असताना गावातल्याच ॲन्सेल्म अंकलनी त्याला फोर्टमधल्या एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून चिकटवलं. ॲन्सेल्म तिथले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. त्यांनी सॅन्टनला पहिल्या दिवशी गाडी चालवायला दिलीच नाही. बॉनेट उघडून पट्टी काढायला लावली. पट्टीच्या टोकाशी दोन खुणा असतात, तेलाची रेघ त्या दोहोंच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असली पाहिजे. इंजिन थंड असताना बघायचं, पहिल्या वेळी काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही, पुसून पुन्हा घालायची. तेलाचा रंग बघायचा, दोन बोटांत चोळून कचकच लागते का ते बघायचं. एवढं शिकवून ॲन्सेल्म म्हणाले की साहेबाच्या गाडीचं इंजिन बसलं तर साहेब दुसरी गाडी घेईल आणि दुसरा ड्रायव्हरही घेईल. सॅन्टनच्या ते डोक्यात बसलं. त्याच्या हातातली एकही गाडी पुढे रस्त्यात बंद पडली नाही, आणि ही गोष्ट तो गावात फार बोलत नसला तरी गावाला माहीत असेल याची काळजी घेई. ॲन्सेल्मनी आणखी एक गोष्ट सांगितली असणार, गाडी सपाट जागी उभी असली पाहिजे. पण फोर्टमध्ये कंपनीचं गॅरेज होतंच सपाट. तिथं ते वेगळं लक्षात ठेवायची गरज पडली नाही.

निवृत्त होताना त्यानं कंपनीचीच एक जुनी पांढरी गाडी घेतली. पोरं मोठी झाली होती. डिलन दुबईला, स्टेफी लग्न होऊन विरारला. घरी तो आणि फ्लॉसी. गाडी म्हणजे त्याचा उद्योग झाला. कोणाला विमानतळावर सोडायचं, कोणाला दवाखान्यात न्यायचं, आणि लग्नाच्या हंगामात नवरीला चर्चला आणायचं. नवरीची गाडी सॅन्टनची, हे त्या पट्ट्यात ठरूनच गेलं होतं. मोगऱ्याच्या माळा लावलेल्या गाडीतून चर्चच्या दारात अलगद थांबणं त्याला जमे. नवरीचा झगा दारात अडकू नये म्हणून तो स्वतः उतरून दार धरी.

तेल बदलायला तो काळूराम भोईरकडे जाई.

काळूराम चांदीपचा. महामार्गापलीकडून, पूर्वेच्या शेतांतून रोज सकाळी मोटारसायकलवर तो विरार-आगाशी रस्त्यावर येई. तिथं त्यानं भाड्याच्या जागेवर पत्र्याची शेड टाकली होती. शेडमध्ये एक खड्डा, एक जॅक, भिंतीवर पाने टांगलेले, आणि दाराशी गणपतीचा फोटो. त्याच्याशेजारी कोणा गिऱ्हाइकानं दिलेलं मदर मेरीचं चित्रही होतं, कारण गिऱ्हाईक सगळं पश्चिमेच्या वाड्यांतलं, चर्चला जाणारं. सॅन्टननं त्याला पहिल्याच भेटीत तपासलं होतं. खालचा नट उघडल्यावर इतर मेकॅनिक धार बारीक झाली की घाई करून नट लावून टाकतात. काळूराम बिडी ओढत बसून राहिला, शेवटचा थेंब तुटेपर्यंत. मग म्हणाला, "घाई असंल तर उद्या ये. जुनं तेल आत ठेवून नवं वतनार नाय मी." सॅन्टनला तो माणूस तिथंच पटला. घरी सामवेदी बोलीत बोलणारा सॅन्टन आणि आगरी वळणाचं मराठी बोलणारा काळूराम, दोघं जवळजवळ एका वयाचे, पहिल्या वर्षातच अरेतुरेवर आले.

त्यांच्यात एकाच गोष्टीवरून खटका उडे. तेलाचा रिकामा कॅन. बाजारात बनावट तेल खूप, आणि ते येतं ते चांगल्या कंपन्यांच्या रिकाम्या कॅनमधूनच. भंगारवाले साफ कॅन गोळा करतात, कोणीतरी त्यांत गाळलेलं जळकं तेल भरतं, झाकणावर नवं सील बसवतं. म्हणून जाणता गाडीवाला तेल ओतून झालं की कॅनच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडायला लावतो. सॅन्टननंही तसं सांगून बघितलं. काळूराम भोक पाडायला तयार नसे. अर्धे कॅन तो जळकं तेल साठवायला वापरी, काही आडवे कापून त्यांत नटबोल्ट धुई, आणि उरलेले चांदीपला नेई. त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, त्यांत मिरच्या लावल्या होत्या. "माझ्या दारातून भंगारवाला कॅन नेत नाय," तो म्हणे. "भोक पाडलं तर भागूच्या मिरच्यांना पानी कुठं र्‍हानार?" सॅन्टन हसून सोडून देई.

आणि तेल बदलत असताना तो शेडमध्ये उभा राहत नसे. गाडी ठेवायची, किल्ली द्यायची, आगाशीच्या बाजारात फेरी मारायची, तासाभरानं येऊन गाडी न्यायची. उभं राहून बघणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, असं दोघांनाही वाटे. दिवाळीनंतर काळूराम भागूबाईनं शिवलेल्या कापडी पिशवीतून नवा तांदूळ आणून देई, आणि फ्लॉसी तीच पिशवी सुकेळीनं, घरी वाळवलेल्या केळ्यांनी, भरून परत पाठवी. पिशवी कोणत्याच बाजूनं रिकामी गेली नाही.

मग रस्ता उंच झाला.

वसईच्या पश्चिम भागात हे नवं नाही. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, मग काँक्रीट येतं, आणि जुनी घरं आपापल्या जागी राहून खाली जातात. सॅन्टनच्या अंगणाला एके काळी रस्त्यावरून सरळ आत यायची वाट होती. काँक्रीट झाल्यावर रस्ता कमरेच्या उंचीला आला आणि पावसाळ्यात सगळ्या आळीचं पाणी अंगणात साचायला लागलं. एका वर्षी पाणी गाडीच्या चाकांच्या वर गेलं. तेव्हा सॅन्टननं गवंडी आणून रस्त्यापासून अंगणापर्यंत पक्का उतार बांधून घेतला आणि गाडी अंगणात न उतरवता उतारावरच लावायला सुरुवात केली. तीही विचार करून: रस्त्यावरून उलटी आत घ्यायची, मागची चाकं खाली, नाक वर रस्त्याकडे. पाणी भरलं तरी इंजिनापर्यंत पोचणार नाही, आणि कोणाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी तयार. शेजाऱ्यांनी त्याचं बघून आपापल्या दारांत तसेच उतार केले. मागच्या चाकांना तो अडण म्हणून दोन दगड लावी. रविवारी बॉनेट उघडणं चालूच होतं, आता उतारावर. पट्टीवर तेल वरच्या खुणेला असे. दर रविवारी.

त्यानंतरच्या एका तेलबदलीच्या वेळी, सॅन्टन बाजारातून परत आला तेव्हा काळूराम पसरट तसराळ्यात निघालेल्या तेलाकडे बघत बसला होता. तेल कमी निघालं, असं तो म्हणाला. इंजिन जुनं झालं, तेल प्यायला लागलंय, लक्ष ठेव. सॅन्टनला ते लागलं. आपण दर रविवारी पट्टी बघतो, तेल खुणेला असतं, गेल्या रविवारीही होतं, असं त्यानं सांगितलं. काळूरामनं एकदा त्याच्याकडे, एकदा तसराळ्याकडे बघितलं. सॅन्टन लोपीसला तेलाची पट्टी बघता येत नाही असं म्हणायची ती जागा नव्हती. "तू बघतोस तर मग बरंच हाय," तो म्हणाला आणि हात पुसायला लागला.

पुढच्या बदलीच्या दिवशी सॅन्टन एका मयताला गेला. गाडी सकाळी ठेवली, संध्याकाळी उचलली. त्यानंतर काही महिन्यांनी कॅथरिनचं लग्न होतं.

कॅथरिन ही त्याच्या शेजारच्या मार्कची मुलगी. मार्क बँकेतून निवृत्त झालेला, हौशी. त्यानं चर्चच्या दारात बँड ठेवला होता. नवरी आणि मार्क मागे, सॅन्टन पुढे, गाडीवर मोगऱ्याच्या माळा. मार्कच्या नातेवाइकांकडून निघून गाडी आगाशीच्या तळ्याजवळ आली तेव्हा डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागला. सॅन्टननं तो बघितला. त्या पावसाळ्यात वायरिंगमध्ये ओल शिरून दोन-तीन दिवे उगाच लागत होते, आणि आदल्या रविवारी पट्टी खुणेला होती. त्याचा विश्वास पट्टीवर होता, दिव्यावर नव्हता. तो गाडी चालवत राहिला. बाजाराच्या वळणावर इंजिनातून आधी ठोके आले, मग घासल्यासारखा आवाज झाला आणि गाडी थांबली. पुन्हा किल्ली फिरवली तर काहीच हललं नाही.

भाजीचा टेम्पो घेऊन जाणारा एक ओळखीचा पोरगा थांबला. कॅथरिन झगा गोळा करून टेम्पोत पुढे बसली, मार्क मागे रिकाम्या क्रेटांवर. चर्चच्या दारात बँड वाजत होता. टेम्पोतून नवरी उतरली तेव्हा बँडवाल्यांना कळेना की चालू ठेवायचं की थांबवायचं. लोक हसले. कॅथरिनही हसली, पण मार्क हसला नाही.

सॅन्टन मागाहून कोणाच्या तरी स्कूटरवर चर्चला पोचला. लग्न लागून गेलं होतं, माणसं आवारात उभी होती. सगळ्यांनी त्याला घेरलं. तुझी गाडी, सॅन्टन? तुझी गाडी कशी बंद पडली? प्रत्येक जण तेच विचारत होता, काही जण काळजीनं, काही जण मजेनं. मार्क जवळ आला आणि त्यानं फक्त एवढंच म्हटलं की एवढ्या वर्षांत तुझ्याकडून कधी असं झालं नाही. त्या वेळी सॅन्टनच्या तोंडून निघालं:

"काळूरामनं बनावट तेल भरलं. माझी पट्टी खुणेला होती."

नंतर त्याला हे वाक्य फार वेळा ऐकू आलं. त्या वेळी मात्र बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं होतं. लोकांचे चेहरे त्याच्यावरून उठून दुसरीकडे गेले. कोणीतरी म्हणालं की काळूराम रिकामे कॅन कधी फोडत नाही, हे आम्ही पण बघितलंय. दुसऱ्याला आपली स्कूटर मागच्या वर्षी काळूरामकडून आल्यापासून धूर सोडते हे आठवलं. पाव्हणे जेवायला बसेपर्यंत ती गोष्ट सगळ्या मांडवाला माहीत झाली.

गाडी विरारच्या दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं इंजिन उघडून सांगितलं की आत तेल जवळजवळ नव्हतंच, तळाला नुसता काळा गाळ. सॅन्टनला हा पुरावा वाटला. रविवारी खुणेला असलेलं तेल आठवड्यात संपतं म्हणजे ते तेलच नव्हतं.

काळूरामच्या कानावर ते कोणा गिऱ्हाइकाकडून गेलं. एका संध्याकाळी तो शेड बंद करून सॅन्टनच्या घरी आला. सॅन्टन उतारावर उभा होता. गाडी विरारला होती, उतार रिकामा. काळूराम मोटारसायकलवरून उतरून त्याच्याजवळ आला.

"तू असं बोललास?" त्यानं विचारलं.

"मग तेल गेलं कुठं?" सॅन्टन म्हणाला.

 काहीतरी मोजत असल्यासारखा काळूराम सॅन्टनच्या खांद्यावरून अंगणाकडे बघत होता. दोघंही त्याच सिमेंटच्या उतारावर उभे होते. तिथं गाडी असती तर, असं सॅन्टनला पुढे कितीदा तरी वाटलं. पण गाडी नव्हती. काळूराम परत फिरला. फ्लॉसी दारात येईपर्यंत मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती. तांदळाची कापडी पिशवी त्या वर्षी फ्लॉसीकडेच राहिली.

भांडण कोणी केलं नाही. काळूरामला कोणी शिवी दिली नाही, शेडवर दगड मारला नाही. माणसं फक्त यायची थांबली. वाटेत भेटला तर हात करत, आणि गाडी विरारच्या सर्व्हिस सेंटरला नेत, जिथं काचेमागे बसून चहा पीत आपली गाडी दिसते आणि तेल बदलल्याची छापील पावती मिळते. पुढच्या पावसाळ्यानंतर शेडचे पत्रे उतरले. आता त्या जागी फ्लॅट बुकिंगचं ऑफिस आहे, काचेचं, आत एसी. सॅन्टन रोज त्यावरून जाई. त्याचं इंजिन नव्यानं बांधून झालं होतं, गाडी चालत होती. फक्त नवरीच्या गाडीसाठी आता कोणी त्याच्याकडे येत नसे. त्याचं त्याला वाईट वाटे, आणि ते वाईट वाटणं तो काळूरामच्या खात्यावर टाकी.

गेल्या थंडीत स्टेफीनं त्याला दोन दिवस राहायला बोलावलं. विरार पश्चिमेला नवी इमारत, खाली सगळ्या गाड्यांसाठी गुळगुळीत फरशीची पार्किंग. रविवारी सकाळी सॅन्टन सवयीप्रमाणे खाली उतरला, बॉनेट उघडलं, पट्टी काढली. तेल फक्त टोकाला होतं, खालच्या खुणेच्याही खाली.

त्यानं पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच. खाली वाकून बघितलं, फरशी कोरडी. आदल्या रविवारी घरी तेल वरच्या खुणेला होतं, आणि आठवडाभरात गाडी फारशी फिरलीही नव्हती. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की या नव्या गॅरेजवाल्यानंही फसवलं. तो तसाच बॉनेटला टेकून उभा राहिला. पार्किंगमधून रस्त्यावर जायला मोठा चढ होता. एक गाडी त्या चढावर जाऊन रस्ता मोकळा व्हायची वाट बघत थांबली होती, नाक वर करून. सॅन्टननं ती गाडी बघितली, आणि ती निघून गेल्यावरही तो तिकडेच बघत राहिला.

मग त्यानं आपली गाडी सुरू केली, त्या चढावर नेली, बाजूला घेऊन हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि तेल खाली उतरू दिलं. पट्टी काढली. रेघ वरच्या खुणेला होती.

त्यानं गाडी उलटी घेऊन परत फरशीवर आणली. थांबला. पट्टी काढली. टोकाला.

त्या गाडीच्या इंजिनात पट्टीची नळी मागच्या अंगाला उतरते. नाक वर केलं की आतलं सगळं तेल मागे सरकतं, पट्टीच्या बाजूला गोळा होतं, आणि रिकामं होत आलेलं इंजिन भरलेलं दिसतं. यात काही गूढ नाही. ड्रायव्हिंग शिकवणारा कोणीही सांगेल. सॅन्टन स्वतः दुसऱ्या कोणाला शिकवायला बसला असता तर त्यानंही सांगितलं असतं.

वॉचमन जवळ आला. या अंकलना चढावर आणि खाली करताना तो बघत होता.

"गाडी खराब झाली काय, अंकल?"

"नाही," सॅन्टन म्हणाला. "गाडी बरोबर आहे."

घरी येऊन त्यानं फ्लॉसीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं की म्हणजे तेव्हाही तसंच. तेव्हाही तसंच, तो म्हणाला. पाण्यात जाऊ नये म्हणून इंजिन वर ठेवलं होतं.  शेंगा सोलतच ती म्हणाली की हे त्याला सांगितलं पाहिजे, पण आधी चर्चजवळ सांग, जिथं बोललास तिथं.

सॅन्टनला ते सोपं वाटलं नाही, पण बरोबर वाटलं. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर तो आवारात थांबला. नेहमीची माणसं घोळका करून उभी होती, मार्क त्यांच्यात. सॅन्टननं सगळी हकिगत सांगितली: उतार, पट्टी, लाल दिवा, स्टेफीच्या इमारतीतला चढ. काळूरामचं तेल चांगलं होतं. चूक माझी होती.  लोक शांतपणे ऐकत होते, त्यामुळे त्याला वाटलं की त्यांना ते ऐकून धक्का बसलाय.

"कोण काळूराम?" एकानं विचारलं.

"तो रे, शेडवाला," दुसरा म्हणाला. "आगाशी रस्त्यावरचा. गेला ना तो, कधीच."

मार्कला लग्न आठवत होतं, टेम्पो आठवत होता. कॅथरिन ती गोष्ट अजून हसून सांगते, तो म्हणाला. तिच्या मुलालाही ती पाठ आहे. तेलाचं मात्र त्याला काही आठवत नव्हतं. "तू काही बोलला होतास का? मला वाटलं इंजिन जुनं होतं म्हणून गेलं." तिसऱ्यानं आपल्या दारातल्या उताराचा विषय काढला आणि तिथंही गाडी नाक वर करून असते, मग आपणही तेल बघायला हवं, असं ठरलं. थोड्या वेळानं बोलणं भाज्यांच्या भावावर गेलं. सॅन्टन घरी आला तेव्हा फ्लॉसीनं काय झालं विचारलं. कोणाला लक्षात नाही, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो चांदीपला निघाला. फ्लॉसीनं भागूबाईची पिशवी शोधून, धुऊन, वाळवून ठेवली होती. तिनं त्यात सुकेळी भरली. वाटेत सॅन्टननं नव्या तेलाचा सीलबंद कॅन घेतला. का घेतला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मेकॅनिककडे नुसती पिशवी घेऊन जाणं बरं दिसत नाही, एवढंच. महामार्ग ओलांडल्यावर रस्ता शेतांतून जातो. गावात विचारल्यावर एका बाईनं हात केला: तो पत्रा दिसतो ना, ट्रॅक्टर उभा आहे तिथं.

काळूरामच्या घरापुढे खळ्याची जागा होती, शेणानं सारवलेली, एकदम सपाट. बाजूला ट्रॅक्टर, एक छोटा टेम्पो आणि भिंतीला टांगलेले तेच पाने. भिंतीच्या कडेला कापलेल्या कॅनमध्ये मिरच्यांची रांग. काळूराम म्हातारा दिसत होता. त्यानं गाडी ओळखली, मग उतरणाऱ्या माणसाला.

"या," तो म्हणाला. "बसा."

सॅन्टननं ते 'बसा' ऐकलं. भागूबाई पाणी घेऊन आली. त्यानं पिशवी तिच्या हातात दिली, तिनं आत बघितलं आणि घरात नेली. सॅन्टन खाटेवर टेकला आणि त्यानं सगळं सांगितलं, यावेळी जास्त थोडक्यात, कारण ते एकदा सांगून झालं होतं. काळूरामनं मध्ये एकदाच विचारलं, उतार केवढा. सॅन्टननं हात तिरपा करून दाखवला. काळूरामनं मान हलवली.

"त्या टायमाला कमी तेल निघालं तवाच यायला पायजे होतं मी बघाया," तो म्हणाला. "तुमी बघतो म्हनालात, म्हनून सोडलं."

"चर्चजवळ सांगितलं मी सगळ्यांना," सॅन्टन म्हणाला.

"काय म्हनाले?"

सॅन्टनला खोटं बोलता आलं असतं. "कोणाला आठवत नव्हतं."

काळूराम हसला. हसताना त्यानं सॅन्टनकडे बघितलं नाही. "मग माझं गॅरेज कशानं बंद पडलं, ते पन नसंल आठवत कोनाला."

 कोंबड्या खळ्यावर फिरत होत्या. काळूरामनंच विचारलं की कॅन आणलाय तो कशाला. तेल बदलायचं झालंय, सॅन्टन म्हणाला. हे खरं होतं; त्याला मात्र ते म्हणताना काहीतरी मागायला आल्यासारखं वाटलं. काळूराम उठला. गाडी खळ्याच्या मधोमध घ्यायला लावली, चाकं चारही सपाट जागी आहेत हे बघितलं. किल्ली देऊन सॅन्टन निघायला वळला. गावात एक फेरी मारून यावी, असं त्याच्या मनात होतं. तासाभरानं यावं, गाडी न्यावी.

"थांबा इथंच," काळूराम म्हणाला.

तो थांबला. काळूराम गाडीखाली गेला, नट उघडला, जुनं तेल तसराळ्यात पडलं. तो बाहेर येऊन टेकून बसला आणि धार बारीक होऊन थेंबावर येईपर्यंत, आणि थेंब तुटेपर्यंत बसून राहिला. त्यात काही बदल झाला नव्हता. मग त्यानं तसराळं सॅन्टनपुढे आणून दाखवलं, केवढं निघालं ते. जुना फिल्टर दाखवला, नवा दाखवला. कॅन उचलून झाकणाकडे बोट केलं. "सील बघून घ्या." सॅन्टननं म्हटलं, राहू दे रे. काळूराम कॅन धरून तसाच उभा राहिला, शेवटी सॅन्टननं वाकून सील बघितलं. तेल आत गेलं. इंजिन थोडं चालवून बंद केलं, दोघं थांबले. काळूरामनं पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली आणि सॅन्टनच्या डोळ्यांपुढे धरली. रेघ वरच्या खुणेच्या खाली केसभर होती, जिथं असायला हवी तिथं.

भागूबाई दारात येऊन उभी राहिली होती. पिशवी तिच्या हातात नव्हती. ती तिची होती, आणि घरातच राहिली.

काळूरामनं रिकामा कॅन पालथा केला. भिंतीवरून स्क्रूड्रायव्हर काढला, कॅन गुडघ्यांत धरला आणि बुडाला टोक टेकवून वरून तळव्यानं एक ठोका दिला. भोक पडलं. मग दुसरं, त्याच्या शेजारी. कॅन झटकून त्यानं सॅन्टनच्या गाडीची डिकी उघडली आणि तो आत ठेवला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "इथं नको."

सॅन्टन गाडीत बसला. खळ्यातून बाहेर पडताना आरशात मिरच्यांची रांग दिसत होती, एकेका कॅनमध्ये एकेक रोप, एकाही कॅनला भोक नाही.